थोरलीच्या मागून

आमचे लग्न झाले तेव्हा मी पस्तिशीत होते आणि यजमानांना पंचेचाळिसावे लागले होते. माझे ते पहिले लग्न आणि त्यांचे दुसरे. वडिलांना अर्धांग झाल्यामुळे माझी लग्नाची वर्षे त्यांच्या शुश्रूषेत निघून गेली होती, आणि ते गेल्यावर भावाने पुन्हा स्थळे पाहायला घेतली तेव्हा आता येतील ती बिजवरांचीच असणार, हे घरात सर्वांनी न बोलता धरलेले होते. "बिजवर असला म्हणून काय झालं? रेल्वेत आहे, भुसावळला क्वार्टर आहे, मुलगी एकच आणि तीही गुणी," असे मध्यस्थाने सांगितले आणि त्यातला शब्दन्‌ शब्द पुढे खरा ठरला. पहिली पत्नी दीर्घ आजाराने गेली होती. नातलगांत तिचा उल्लेख 'थोरली' असा होतो आणि त्यामुळे मी आपोआप धाकटी झाले.

लग्नानंतर थोड्याच काळात मी यजमानांवर जीव लावून बसले. हे मला अपेक्षित नव्हते, कारण या वयात माणूस सोबत शोधतो, फार तर आदर शोधतो, असे मी स्वतःला बजावून अमळनेरहून निघाले होते. यजमान मालगाडीवर गार्ड आहेत. २०२२ पासून रेल्वेने या पदाला ट्रेन मॅनेजर असे नाव दिले असले, तरी आमच्या वस्तीत त्यांना अजून गार्डबाबूच म्हणतात. मालगाडीला प्रवासी गाडीसारखी ठरलेली वेळ नसते. खंडव्याकडे किंवा मनमाडकडे निघालेली गाडी मेल-एक्सप्रेसना वाट देत लूप लाइनला तासन्‌तास उभी राहते आणि शेवटच्या ब्रेकव्हॅनमध्ये हा माणूस एकटा बसून असतो. अशी ड्यूटी करून पहाटे तीनला घरी येताना ते बूट जिन्यातच काढून हातात घेत, कुलूप आवाज न करता उघडत, आणि मला जाग आलीच तर माझ्यासाठीही चहा टाकत. मी ज्या शाळेत ग्रंथपाल आहे तिथल्या कपाटांची दारे निखळली होती. एकदा जेवताना मी ते सहज बोलले, तर पुढच्या सुट्टीला ते हत्यारांची पिशवी घेऊन शाळेत आले आणि सगळ्या बिजागऱ्या बदलून गेले. अशा माणसावर प्रेम करणे मुळीच अवघड नव्हते. ते मात्र माझ्याशी जितके चांगले वागत, तितके माझ्यात गुंतलेले नव्हते.

हे कळायला कोणताही अपमान कारण झाला नाही. त्यांनी थोरलीशी माझी तुलना कधी केली नाही, तिचे फोटो माझ्यासमोर कुरवाळले नाहीत, माझ्या माणसांना कधी तोडून बोलले नाहीत. मला कळले ते शेजारच्या क्वार्टरमधल्या वहिनींकडून, आणि त्याही माझे कौतुक करण्याच्या भरातच बोलल्या. थोरली आजारी होती त्या काळात यजमानांना बदलीसह बढती मिळत होती आणि ती त्यांनी लेखी नाकारली. सहकाऱ्यांकडून ड्यूट्या बदलून घेऊन ते तिच्या उशाशी थांबत, तिला वास सहन होत नाही म्हणून त्यांनी तंबाखू सोडली, तिचे केस गेले तेव्हा स्वतःचेही उतरवून टाकले. वहिनी म्हणाल्या, "फार जीव लावणारा माणूस आहे हो, तुम्ही भाग्यवान." मी हसून चहाचे कप आत नेले. मला ज्या माणसाची ओढ होती तो माणूस अस्तित्वात होता, याचा तो पुरावाच होता. पण तो माझ्या वाट्याला आलेला नव्हता. माझ्यासाठी एखादी रात्रपाळी बदलून घ्यावी, असे यजमानांना कधी सुचत नसे. त्यात टाळाटाळ नव्हती. ते मनातच येत नसे.

पहिल्या आखाजीला हे सारे माझ्यासमोर स्पष्ट उभे राहिले. खानदेशाबाहेरच्या वाचकाला सांगायला हवे, की अक्षय्य तृतीयेचा हा सण आमच्याकडे दिवाळीच्या तोडीचा मानतात. लेकी माहेरी येतात, गौराई बसते, झाडांना झोके बांधले जातात आणि गाणी उत्तररात्रीपर्यंत चालतात. पण त्याच दिवशी सकाळी घरोघर पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरतात, तिच्यावर डांगर म्हणजे खरबूज ठेवतात, आंबा, सांजोऱ्या, पुरणपोळी आणि आमरसाचा नैवेद्य दाखवतात. लग्नानंतरची पहिली आखाजी, म्हणून माझा भाऊ मुराळी होऊन मला न्यायला आदल्या दिवशी आला होता. सासूबाईंना घरात सगळे जिजी म्हणतात, त्या म्हणाल्या, "तू जाय माय माहेरले, घागर मी भरसू." मी थांबले. थोरलीच्या नावाची घागर घरात भरली जात असताना सुनेने झोका खेळायला जाणे मला बरे वाटले नाही, आणि खरे सांगायचे तर मला पाहायचेही होते. यजमान रात्रीची ड्यूटी संपवून आले होते, अंघोळ करून घागरीपुढे बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत. ते रडत नव्हते. त्यांचा चेहरा इतका मोकळा आणि इतका तरुण मी पूर्वी पाहिला नव्हता. दुपारी भावाबरोबर सुरतेकडच्या गाडीने अमळनेरला गेले, झोक्यावरही बसले, पण माझे लक्ष कशातच नव्हते.

त्यानंतरची काही वर्षे आशेत गेली, आणि त्या वर्षांविषयी मला विस्ताराने लिहायचे आहे, कारण माझ्या मते माणसाला सर्वांत जास्त झिजवतात ती हीच वर्षे. आपल्याकडे अशा बाईला सगळे एकच सांगतात: प्रेमाने दगडालाही पाझर फुटतो, धीर धर. आईने सांगितले, मावशीने सांगितले, शाळेतल्या सहकारी बाईंनी तर स्वतःच्या जावेचे उदाहरणही दिले. मी धीर धरला. थोरलीच्या हातचे भरीत त्यांना आवडायचे असे कळल्यावर हिवाळ्यात बामणोदची वांगी आणवून, कपाशीच्या काड्यांवर भाजून, बडगीत ठेचून मी ते हुबेहूब करायला शिकले. त्यांनी दोन भाकरी जास्त खाल्ल्या आणि "छान झालंय" म्हणाले, आणि त्या दोन शब्दांत काय काय असेल याचा मी रात्रभर विचार करीत राहिले. रनिंग रूममधून, म्हणजे ड्यूटीवरच्या मुक्कामाच्या खोलीतून, त्यांचा फोन आला की आवाज कालच्यापेक्षा मऊ होता की नाही, हे मी पारखत असे. एखाद्या संध्याकाळी ते आपणहून म्हणत, "चल, स्टेशनपर्यंत फिरून येऊ," आणि पूल ओलांडताना हात धरत. त्या एका फेरीवर माझे पुढचे कित्येक आठवडे निभत.

व्यवसायाने ग्रंथपाल असल्यामुळे दुःख झाले की पुस्तक उघडायचे, ही माझी सवय आहे. मानसशास्त्राच्या पुस्तकांत मला फर्स्टर आणि स्किनर यांनी १९५७ मध्ये मांडलेले प्रयोग सापडले. चोच मारल्यावर कबुतराला प्रत्येक वेळी दाणा मिळत असेल आणि मग तो बंद झाला, तर ते लवकर थांबते. पण दाणा कधी मिळेल याचा नेम नसेल, तर तो पूर्ण बंद झाल्यावरही ते कितीतरी काळ चोच मारीतच राहते. वाचून मला हसू आले आणि मग रागही आला. पुढे डोरोथी टेनोव्ह या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंचे प्रतिपादन वाचनात आले. शेकडो माणसांशी बोलून त्यांनी १९७९ मध्ये असे मांडले होते, की प्रेमातली अनावर, दिवसरात्र पोखरणारी ओढ जोपासली जाते ती आशा आणि अनिश्चितता एकत्र नांदतात तिथे. स्पष्ट होकार मिळाला तर ती कालांतराने शांत होते, स्पष्ट नकार मिळाला तरीही हळूहळू ओसरते. मधल्या स्थितीत मात्र तिला सतत खाद्य मिळते. मी नेमकी त्या मधल्या स्थितीत राहत होते, आणि धीर धरायला सांगणारी माझी सगळी प्रेमळ माणसे मला तिथेच राहायला सांगत होती.

२०२३ च्या उन्हाळ्यात माझी झोप गेली. भुसावळचा मे महिना ज्यांनी काढला आहे त्यांना ठाऊक आहे, की पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की रात्री दोनलाही भिंती तापलेल्या असतात. सुरुवातीला मी सगळा दोष उन्हाला दिला. पण जेवण उतरेनासे झाले, शाळेच्या सुट्टीत पुस्तकांची मोजणी करताना डोळ्यांतून पाणी वाहू लागले आणि ते का वाहते आहे हे विचारणाऱ्याला सांगता येईना. यजमान लाइनवर असताना एका रात्री मी १४४१६ हा क्रमांक फिरवला. टेलिमानस नावाची ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली आहे, ती निःशुल्क आहे, दिवसरात्र चालते आणि तिच्यात मराठीत बोलता येते. पलीकडच्या बाईंनी आधी मी सुरक्षित आहे ना, घरात मारहाण आहे का, जिवाचे काही बरेवाईट करण्याचे विचार येतात का, हे शांतपणे विचारून घेतले. तसे काही नाही म्हटल्यावर मला वाटले, आता त्या फोन ठेवतील. नवरा चांगला आहे पण पुरेसे प्रेम करीत नाही, ही तक्रार घेऊन रात्री एक वाजता कोण फोन करते? त्यांनी ठेवला नाही. त्यांनी ऐकले, आणि समोरासमोर बसून कुणाशी तरी बोला, असा सल्ला दिला.

त्याप्रमाणे मी जळगावला एका समुपदेशक बाईंकडे जाऊ लागले. त्यांनी मला धीर धरायला सांगितले नाही, हेच मला प्रथम औषधासारखे लागले. आपल्याला काय हवे आहे ते सगळे कागदावर लिहा, असे त्या म्हणाल्या, आणि मी लिहून आणलेल्या त्या लांबलचक कागदावर त्यांनी माझ्याचकडून खुणा करून घेतल्या: यातल्या कोणत्या गोष्टी माणूस ठरवून करू शकतो आणि कोणत्या ठरवूनही करू शकत नाही. रात्रपाळी बदलून घेणे ठरवून करता येते. वाढदिवस लक्षात ठेवणे येते, आठवड्यातून एकदा फिरायला नेणे येते, सासरच्या समारंभात बायकोला एकटी न सोडणे येते. थोरलीवर होते तसे प्रेम माझ्यावर करणे ठरवून येत नाही. कागदावरच्या बहुतेक गोष्टी पहिल्या प्रकारच्या निघाल्या आणि त्यांपैकी एकही मी कधी तोंडाने मागितली नव्हती, कारण मागून मिळाले तर ते प्रेम कसले, ही आपल्या सगळ्यांच्या मनात भिनलेली समजूत माझ्याही मनात होती. बाईंचे म्हणणे होते, की जे मागता येते ते मागा आणि जे मागता येत नाही त्याविषयी एकदा विचारून घ्या.

विचारले ते गच्चीवर. आत झोपणे शक्य नव्हते म्हणून आम्ही वर गाद्या टाकल्या होत्या. मी म्हटले, "तिच्यावर होतं तसं माझ्यावर कधी होईल असं वाटतं का तुम्हाला? खरं सांगा." ते उठून बसले. यार्डातून शंटिंगचा आवाज येत होता, तो थांबेपर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुझ्याशी खोटं बोलणार नाही. तुझ्याबद्दल माया आहे, विश्वास आहे, तू नसशील तर घर चालणार नाही. पण ते तसं पुन्हा होईल असं नाही वाटत. मी प्रयत्न करून पाहिला." हे शेवटचे वाक्य मला सर्वांत जास्त लागले. माझ्यासाठी हा माणूस मनाशी कुठेतरी झटला होता आणि त्याला यश आले नव्हते, हे मला आधी ठाऊकच नव्हते.

मी माहेरी निघून गेले. रागाच्या भरात नव्हे, पण त्या घरात मला श्वास घेता येईना. बोरी नदीच्या काठच्या आमच्या जुन्या घरात मी नुसती पडून राहत असे. भाऊ म्हणाला, "अक्का, मन नसेल तर परत जायची कुणाची जबरदस्ती नाही. नोकरी आहे तुला, घर आहे." तो मनापासून बोलत होता आणि मीही तो पर्याय मनापासून तपासला. मला असे आढळले, की नकाराचे दुःख मोठे आहे, पण त्याला एक काठ आहे. आशेच्या वर्षांत असा काठ कधी लागला नव्हता. उद्या काहीतरी होईल म्हणून आज मिळालेले मी मोजतच नव्हते. पुलावर धरलेला हात मला पुढच्या कशाची तरी खूण म्हणूनच हवा होता. आता पुढचे काही येणार नव्हते, तेव्हा तो हात नुसता हात म्हणून आठवून पाहिला, आणि तो मला तरीही हवा आहे असे दिसले. माझे त्यांच्यावरचे प्रेम त्यांच्या उत्तराने कमी झाले नव्हते. मला वाटले होते ते होईल.

इथे एक गोष्ट ठामपणे लिहून ठेवते. मी परत गेले ते यजमान खरे बोलले म्हणून, आणि त्या घरात माझा मान होता म्हणून. जिथे नवरा झुलवत ठेवतो, आज जवळ घेतो आणि उद्या तुच्छतेने बोलतो, दुसरीकडे गुंतलेला असून घरी नाकबूल करतो, किंवा हात उचलतो, तिथे बाईने माझे उदाहरण मुळीच घेऊ नये. यजमानांची मुलगी आता पुण्याला शिकते. ती मला मावशी म्हणते, आणि बापाच्या तुलनेत तिने मला सढळ हाताने प्रेम दिले, हेही या निमित्ताने नोंदवते. मागच्या सुट्टीत तिने विचारले, की समोरच्याचे प्रेम आपल्यापेक्षा कमी असेल तर लग्न करावे का. मी तिला उलट विचारले, "कमी आहे हे तो स्वतः सांगतो, की तुला हुडकावं लागतं?" ती गप्प बसली. हुडकावे लागत असेल, असा मी अंदाज केला.

परत आल्यावर त्या हिवाळ्यात आम्ही अजिंठ्याला गेलो, आणि ती कल्पना माझी होती. खानदेशात मेजर रॉबर्ट गिल आणि पारो यांची गोष्ट लहानपणापासून कानावर पडते. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी १८४४ मध्ये गिल यांची नेमणूक झाली, अजिंठा गावात त्यांनी आयुष्याची कित्येक वर्षे काढली, आणि पारो या स्थानिक स्त्रीशी त्यांचे प्रेम जडले. २३ मे १८५६ रोजी ती वारली. माझ्या प्रिय पारोच्या स्मरणार्थ, अशा अर्थाचा मजकूर कोरलेली शिळा गिल यांनी तिच्यासाठी बसवली आणि ती आजही अजिंठा गावात आहे. त्यांनी केलेल्या बहुतेक प्रतिकृती लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लागलेल्या आगीत डिसेंबर १८६६ मध्ये जळाल्या. तरी त्यांनी काम पुन्हा आरंभले. १८७९ मध्ये ते वारले आणि त्यांना आमच्या भुसावळातच पुरले आहे. इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात. त्यांना इंग्रज पत्नी आणि मुले होती, हेही काही जण सांगतात. पण पारोच्या मागून अ‍ॅनी नावाच्या एका स्त्रीबरोबर त्यांनी संसार केला आणि तिच्यापासून त्यांना मुली झाल्या, हे मी ग्रंथालयातल्या एका जाड पुस्तकात वाचले तेव्हा पुस्तक मिटून बसून राहिले. अ‍ॅनीची गोष्ट मी कुणाच्या तोंडून ऐकलेली नाही. तिच्यासाठी कोरलेली शिळाही माझ्या पाहण्यात नाही. म्हाताऱ्या होत चाललेल्या, डोळे अधू झालेल्या, पारोला मनात घेऊन जगणाऱ्या माणसाला वेळेवर जेवण कोण देत असेल, हा प्रश्न आमच्याकडच्या रसिकांना पडलेला दिसत नाही.

पारोच्या शिळेपाशी उभे राहून मी हे सगळे यजमानांना सांगितले. त्यांनी अ‍ॅनीचे नाव पहिल्यांदाच ऐकले होते. बराच वेळ त्यांनी काही म्हटले नाही. मग फर्दापूरच्या घाटातून खाली उतरताना ते आपल्या कामाविषयी बोलू लागले, म्हणजे मला तसे वाटले. इंजिनातल्या ड्रायव्हरला पुढचा रस्ता दिसतो. गार्डाला शेवटच्या डब्यातून मागे पडत जाणारे रूळच दिसत राहतात, पण गाडी जाते तिकडेच त्यालाही जावे लागते, असे ते म्हणाले. त्यांना उपमा देऊन बोलण्याची सवय नाही. त्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी एवढे शोधून काढले, आणि मी ते ठेवून घेतले आहे.

त्यानंतर घरातल्या व्यवस्थेत जे बदल झाले ते वरवर किरकोळ आहेत. दर महिन्यातली एक साप्ताहिक सुट्टी माझी असते. त्या दिवशी ते जिजींच्या गावी जात नाहीत आणि कुणाच्या घरभरणीलाही जात नाहीत. माझ्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली तेव्हा मी स्पष्ट सांगितले होते, की मला दवाखान्यात भाऊ नको, तुम्ही हवेत. त्यांनी रजा टाकली. मागून मिळालेले कमअस्सल लागेल, अशी मला धास्ती होती. दवाखान्यात मध्यरात्री शुद्धीवर येताना ते खुर्चीत बसलेले दिसले, तेव्हा ही रजा मी मागितली होती की त्यांना सुचली होती, याचा विचार मनात आला नाही.

थोरलीविषयी आता घरात बोलले जाते. पूर्वी मी आत आले की बापलेक विषय बदलत. मीच तो पायंडा मोडला. तिचे अक्षर कसे होते, ती कोणत्या गोष्टीवर चिडायची, हे मी विचारू लागले. डेनिस क्लास, फिलिस सिल्व्हरमन आणि स्टीव्हन निकमन या अभ्यासकांनी १९९६ मध्ये मांडले, की मृत माणसापासून मन पूर्णपणे सोडवून घेतले तरच शोक बरा होतो, ही जुनी समजूत अपुरी आहे. बहुतेक माणसे गेलेल्याशी काहीतरी नाते चालू ठेवूनच नीट जगतात. मला वाटते, आमच्या जिजींना हे सांगायची गरज नाही. पितृपक्षातली अविधवा नवमी त्याच समजुतीने ठेवलेली आहे: नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईसाठी त्या दिवशी सवाष्ण जेवू घालतात, तिची ओटी भरतात, आणि नवरा हयात असेपर्यंतच हे श्राद्ध करण्याची रूढी आहे. तो स्वयंपाक आता मी करते. मी आधी गेले तर त्याच नवमीला दोन सवाष्णी बोलवाव्या लागतील, असे मी एकदा जिजींना म्हटले. त्या आधी दचकल्या आणि मग पदर तोंडाला लावून हसत राहिल्या. आखाजीची घागर मात्र मी भरत नाही. ती यजमान स्वतः भरतात, डांगरही तेच बाजारातून पारखून आणतात, आणि मी आदल्या दिवशी अमळनेरला गेलेली असते.

सारे निवळले आहे, असे कुणी समजू नये. वस्तीत नव्याने लग्न झालेली जोडपी संध्याकाळी फिरताना दिसतात तेव्हा मला पोटात तुटल्यासारखे होते, आणि पन्नाशीकडे झुकलेल्या बाईला असे होऊ नये, असे मला वाटत नाही. ज्या प्रेमाला मी पात्र होते ते मला मिळाले नाही, हे वाक्य मी पूर्वी टाळत असे. आता ते मला सरळ म्हणता येते. यजमानांनाही ते ठाऊक आहे. कधी कधी ते माझ्याकडे अपराधी नजरेने पाहतात, आणि ती नजर मला मुळीच नको असते; तसे मी त्यांना सांगून टाकते.

सध्या आमचा वाद चालू आहे तो निवृत्तीनंतरच्या घराचा. क्वार्टर सोडावे लागेल. त्यांना गावाकडचे घर दुरुस्त करून तिथे राहायचे आहे. मागच्या अंगणात थोरलीने लावलेले लिंबाचे झाड आहे आणि ते त्याविषयी काही बोलत नसले तरी मला कळते. मला अमळनेरला दोन खोल्या हव्या आहेत, कारण तिथे वाचनालय आहे, दवाखाना आहे आणि रात्री-अपरात्री गाडी मिळते. यजमानांनी गेल्या आठवड्यात गवंड्याला बोलावून गावाकडचा खर्च काढून घेतला, तर मी भावाला सांगून अमळनेरच्या दोन जागा पाहून ठेवल्या आहेत. पुढच्या सुट्टीला आम्ही त्या पाहायला जाणार आहोत. यायला ते तयार झाले आहेत, पण त्यांनी अजून होकार दिलेला नाही.